नोकरी ऑक्टोबरात बदलली, मग दोन्हीकडे टॅक्स शून्य कसा?

पत्र : मी हडपसरला राहतो, आयटीत आहे. सप्टेंबर २०२५ अखेर जुनी कंपनी सोडली आणि १ ऑक्टोबरपासून नव्या कंपनीत रुजू झालो. जुना ठोक पगार महिना ९० हजार होता, आता दीड लाख आहे. गंमत म्हणजे जुन्या कंपनीनं टॅक्स कापला नव्हता आणि नवीही कापत नाही. सहकारी म्हणतात, नशीबवान आहेस. परवा एचआरकडून 'फॉर्म १२बी भरा, जुन्या कंपनीच्या पगाराचा तपशील द्या' अशी मेल आली. मित्राचा सल्ला, 'देऊ नकोस, ऐच्छिक असतं ते, उगाच कापायला लागतील.' शिवाय माझी धाकटी बहीण १ जानेवारीला हिंजवडीत पहिल्याच नोकरीत लागली. पॅकेज पंधरा लाखांचं. आमचे बाबा कराडचे निवृत्त शिक्षक. त्यांनी हिशेब करून तिला सांगितलं की लाखभर रुपये टॅक्स जाणार, आत्तापासून बाजूला टाक. ती घाबरली आहे. आणि हो, जुन्या कंपनीतला पीएफ काढून घेऊ का? — एक वाचक

उत्तर : तुमच्या घरात ज्याला घाबरायला हवं तो खुशीत आहे आणि जिनं पार्टी द्यायला हवी ती घाबरली आहे. आधी बहिणीचं सांगते, कारण ते थोडक्यात आटपतं आणि त्यातून तुमचंही निम्मं उत्तर मिळतं.

प्राप्तिकर पॅकेजवर लागत नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या बारा महिन्यांत प्रत्यक्ष जे उत्पन्न झालं, त्यावर लागतो. बहिणीचं पॅकेज पंधरा लाखांचं असलं तरी त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, वर्षाअखेर मिळाला तर मिळेल असा व्हेरिएबल, असं बरंच काही कोंबलेलं असतं. समजा पे-स्लिपवर तिचा ठोक पगार महिना १ लाख १० हजार दिसतो. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च मिळून झाले ३ लाख ३० हजार. हे तिचं २०२५-२६ या आर्थिक वर्षाचं सगळं उत्पन्न. नव्या करप्रणालीत पहिल्या चार लाखांवर टॅक्सच नाही. म्हणजे तिचा टॅक्स शून्य, आणि हा शून्य अगदी खरा आहे.

बाबांचं गणित चुकलं ते एकाच ठिकाणी. त्यांनी पंधरा लाखांना बारा महिन्यांचं उत्पन्न धरलं. शिक्षकाच्या नोकरीत तसं धरलं तर चालतं, कारण तिथं मार्च ते मार्च पगार एका संथ लयीत येतो, फेब्रुवारीत शाळेतले क्लार्क सगळ्यांचे तक्ते करतात आणि मग 'फेब्रुवारीचा पगार टॅक्समध्ये गेला' असं स्टाफरूममध्ये दरवर्षी ऐकू येतं. जानेवारीत रुजू झालेल्या मुलीला ते गणित लागू नाही.

इथं आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. वर्षातले तीनच महिने नोकरी केली म्हणून चार लाखांची मर्यादा एक लाखावर येत नाही. ती पूर्ण चार लाखच राहते. पगारदारांना मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट, म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन, तीही महिन्यांच्या हिशेबानं कापून मिळत नाही, अख्खी मिळते. अर्धवट वर्षात नोकरी लागणाऱ्याला हा कायद्यानं दिलेला फायदा आहे. मात्र तो पहिल्या वर्षापुरताच. सध्याचेच दर पुढच्या वर्षी राहिले तर एप्रिलपासून तिचं उत्पन्न होईल १३ लाख २० हजार. त्यातून ७५ हजार वजा जाता १२ लाख ४५ हजार. स्लॅबप्रमाणे टॅक्स येतो ६६,७५०, पण बारा लाखांची रेषा थोडक्यात ओलांडणाऱ्यांना सवलत आहे: रेषेच्या वर जेवढं उत्पन्न गेलं त्यापेक्षा टॅक्स जास्त घेत नाहीत. तिचे वर गेले ४५ हजार, म्हणून टॅक्स ४५ हजार, त्यावर ४ टक्के उपकर धरून ४६,८००. महिन्याला ३,९००. तेव्हा एप्रिलची पे-स्लिप पाहून 'माझा पगार कमी कसा झाला' म्हणून तिनं एचआरला फोन लावू नये, एवढं आत्ताच सांगून ठेवा. बाबांनी सांगितलेले लाखभर मात्र बाजूला टाकायची गरज नाही.

तिच्या पहिल्या पे-स्लिपवर २०० रुपये कापलेले दिसतील. तो प्राप्तिकर नव्हे. तो आपल्या राज्य सरकारचा व्यवसाय कर. महिना २००, फेब्रुवारीत ३००. महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे, तुमच्या बहिणीला नाही. तिचे या वर्षी ७०० जातील.

आता तुमच्याकडे येते.

तुमच्या दोन्ही कंपन्यांनी काहीही चुकीचं केलेलं नाही, आणि तरीही तुमच्या डोक्यावर जवळपास नव्वद हजार रुपयांचा टॅक्स उभा आहे. हे कसं झालं ते नीट पाहा. कंपनी टॅक्स कापते तो अंदाजानं. एप्रिलमध्ये जुन्या कंपनीनं धरलं की तुम्ही वर्षभर इथंच आहात: ९० हजार गुणिले १२, म्हणजे १० लाख ८० हजार. वजावट जाऊन उरले १० लाख ५ हजार. बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर कलम ८७एची सूट सगळा टॅक्स माफ करते, म्हणून त्यांनी कापला शून्य. ऑक्टोबरात नव्या कंपनीनं तिच्याकडचे सहा महिने मोजले: दीड लाख गुणिले ६, नऊ लाख. वजावट जाऊन ८ लाख २५ हजार. तेही बाराच्या आत. शून्य.

दोन सुना असलेल्या घरात कधीकधी भाजी अळणी होते, कारण प्रत्येकीला वाटतं मीठ दुसरीनं घातलं असेल. तुमच्या बाबतीत तर दोघींना एकमेकींचा पत्ताच नाही. चार लाखांची करमुक्त मर्यादा तुम्हाला दोनदा मिळाली, ७५ हजारांची वजावट दोनदा मिळाली, आणि बारा लाखांची सूटही दोनदा. खातं मात्र एकच, कारण पॅन एकच.

खरा हिशेब असा. जुन्या कंपनीकडून सहा महिन्यांचे ५ लाख ४० हजार, नव्याकडून नऊ लाख, एकूण १४ लाख ४० हजार. वजावट एकदाच, ७५ हजार. उरले १३ लाख ६५ हजार. पहिल्या चार लाखांवर काही नाही. चार ते आठ लाखांवर ५ टक्के, २० हजार. आठ ते बारावर १० टक्के, ४० हजार. वरच्या १ लाख ६५ हजारांवर १५ टक्के, २४,७५०. बेरीज ८४,७५०. बारा लाख ओलांडले की ८७एची सूट जाते, आणि बहिणीला मिळेल ती काठावरची सवलत तुम्हाला मिळत नाही, कारण तुम्ही काठापासून बरेच पुढे गेला आहात. उपकर ३,३९०. एकूण ८८,१४० रुपये.

मी फक्त पगार धरला आहे. बँकेतल्या ठेवींचं व्याज त्यात मिळवा. शेअर विकून नफा झाला असेल तर त्याचे दर वेगळे, तो स्वतंत्र बघावा लागेल.

मित्र म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. जुना पगार नव्या कंपनीला सांगण्याची तुमच्यावर सक्ती नाही. पण सांगितलं नाही म्हणून टॅक्स टळत नाही, तो फक्त जुलैत ढकलला जातो आणि तिथं व्याजासकट भेटतो. कंपन्या टीडीएसची, म्हणजे पगारातून कापायच्या टॅक्सची, विवरणपत्रं भरतात त्यात पगाराची नोंद तुमच्या पॅनसमोर होते, आणि ती पोर्टलवरच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये उमटते. ऐन जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रिटर्न भरायला बसलेली मंडळी एआयएस उघडतात, दुसरी कंपनी दिसते, आणि मग आमच्याकडे रडवेले फोन सुरू होतात. 'पण कंपनीनं कापला का नाही?' कंपनीला कळवलं कोणी होतं?

व्याजाचंही सांगते, म्हणजे 'बघू जुलैत' या विचाराची किंमत कळेल. टीडीएस वजा जाता वर्षाचा टॅक्स १० हजार किंवा जास्त उरत असेल तर तो आगाऊ भरायचा असतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. हे हप्ते चुकले की कलम २३४सीचं व्याज लागतं, आणि वर्ष संपेपर्यंत ९० टक्केसुद्धा भरले नसतील तर एप्रिलपासून दर महिन्याला १ टक्का, कलम २३४बीचं. तुम्ही काहीच न करता थेट ३१ जुलैला पैसे भरले तर २३४सीचे साडेचार हजारांच्या आसपास आणि २३४बीचे साडेतीन हजारांच्या आसपास, मिळून सुमारे आठ हजार रुपये व्याजाचे. निव्वळ आळसाचे आठ हजार.

म्हणून फॉर्म १२बी भरा आणि याच महिन्याचं पेरोल बंद होण्याआधी भरा. फॉर्म छोटा आहे. जुन्या कंपनीचं नाव, पत्ता, तिचा टॅन (टॅक्स कापणाऱ्याचा क्रमांक) आणि पॅन, तुम्ही तिथं कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत होता, त्या काळातला पगार, भत्ते, पीएफची कपात आणि कापलेला टॅक्स. शेवटच्या रकान्यात तुमच्याकडे '०' आहे. तो लिहा, जागा कोरी सोडू नका, नाहीतर पेरोलवाले 'माहिती अपूर्ण' म्हणून परत पाठवतील आणि महिना वाया जाईल. आणि इथं 'कंपनी सोडली त्या आधीच्या वर्षाचा पगार' लिहायचा नाही. फक्त १ एप्रिल २०२५ पासूनचा.

हे आकडे कुठून आणायचे हा खरा त्रास असतो. फॉर्म १६, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स यांचा कंपनीनं दिलेला दाखला, आर्थिक वर्ष संपल्यावर, १५ जूनपर्यंत मिळतो, त्यामुळे आत्ता त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. त्यातून तुमचा टॅक्स कापलेलाच नसल्यामुळे फॉर्म १६ देण्याचं बंधनही जुन्या कंपनीवर नाही. काही कंपन्या तरी देतात, काही देत नाहीत. तेव्हा एप्रिल ते सप्टेंबरच्या सहा पे-स्लिपा आणि फुल अँड फायनलचा, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशेबाचा, कागद काढा. शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा करताना लॉगिनही बंद होतं आणि पे-स्लिपा आतच राहतात, हे फार जणांचं होतं. तुमचंही तसं झालं असेल तर जुन्या एचआरला साधी मेल करा, 'या आर्थिक वर्षातल्या पगाराचं विवरण पाठवा' म्हणून. फुल अँड फायनलमध्ये साठलेल्या रजेचे पैसे मिळाले असतील तर ते मी वर धरलेले नाहीत. राजीनामा देऊन बाहेर पडताना मिळालेले रजेचे पैसे कायद्यातल्या सूत्राप्रमाणे करमुक्त असू शकतात, आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत. नोकरीत असताना दरवर्षी रजा विकून घेतलेले पैसे मात्र पूर्ण करपात्र. त्यामुळे तो आकडा पगारात मिसळू नका, वेगळा दाखवा.

१२बी दिल्यावर काय होईल? नवी कंपनी दोन्ही पगार एकत्र धरून हिशेब मांडेल आणि ८८,१४० रुपये जानेवारी ते मार्च या उरलेल्या तीन पगारांतून वळते करेल. महिन्याला २९,३८०. दीड लाखातून जवळजवळ तीस हजार जाणं झोंबतं, मान्य. घराचा किंवा गाडीचा हप्ता असेल तर तीन महिन्यांचं नियोजन आत्ताच करा. पण व्याजाचा एक रुपयाही लागणार नाही, कारण वर्षात कापलेला टीडीएस कधीही कापलेला असला तरी तुमच्या खात्यावर पूर्ण मोजला जातो. ऑक्टोबरातच फॉर्म दिला असता तर हेच सहा महिन्यांत विभागून १४,६९० पडले असते. रुजू होताना जे कागदांचं पुडकं सह्या करायला देतात ना, बँकेचं, विम्याचं, ओळखपत्राचं, त्यात हा फॉर्म बहुतेक वेळा असतो. आपण तो 'नंतर भरू' म्हणून मागे सरकवतो.

एचआरनं 'आता उशीर झाला, पेरोल बंद' असं सांगितलं तरी हात बांधलेले नाहीत. प्राप्तिकराच्या पोर्टलवर 'ई-पे टॅक्स'मध्ये जाऊन स्वतःच ॲडव्हान्स टॅक्स भरा. करनिर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष, निवडताना २०२६-२७ निवडायचं, २०२५-२६ नाही. ही गफलत नेहमीची आहे आणि नंतर दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात. १५ मार्चच्या आत पूर्ण रक्कम भरलीत तर आधीच्या तीन हप्त्यांचं साधारण साडेतीन हजार व्याज लागेल, पुढचं सगळं वाचेल.

एचआर तुम्हाला जुनी करप्रणाली की नवी हेही विचारेल. तुमच्या पगाराला नवी ठेवा. जुन्या प्रणालीत टॅक्स नव्याएवढा खाली आणायचा तर सगळ्या वजावटी मिळून पावणेसहा लाखांच्या पुढे जायला हव्यात: घरभाडं, पीएफ, विमा, गृहकर्जाचं व्याज, सगळं धरून. हडपसरला भाड्यानं राहणाऱ्या आणि घराचं कर्ज नसलेल्या माणसाला ते जमत नाही. मार्चमध्ये घाईघाईनं पॉलिसी विकायला येणाऱ्या ओळखीच्यांना हेच सांगा. नव्या प्रणालीत त्या हप्त्याची वजावट मिळतच नाही. शिवाय पगारदाराला रिटर्न भरताना प्रणाली बदलता येते, फक्त जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीत भरावं लागतं.

पीएफ काढायचा नाही. नवी नोकरी लागलेली असताना जुन्या खात्यातली सगळी रक्कम काढून खातं बंद करायचं नसतंच. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा क्रमांक, तोच ठेवा आणि जुनं खातं नव्या कंपनीकडे वर्ग झालं का ते पोर्टलवर तपासा. करासाठी सलग पाच वर्षं मोजताना वर्ग केलेल्या खात्यात जुन्या कंपनीतली वर्षंही धरतात. पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम बरीचशी करपात्र होते, आणि यंदा तुमच्या उत्पन्नात तेवढी भर पडली तर ती १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये जाऊन बसेल.

जुलैत रिटर्न भरताना दोन्ही कंपन्यांचे पगार वेगवेगळे दाखवायचे आणि स्टँडर्ड डिडक्शन एकदाच. पोर्टलवर आधीच भरून आलेल्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एखादी कंपनी त्यात आलेलीच नसते, म्हणून पे-स्लिपांशी ताळा करा. दोन कंपन्या असल्या तरी फक्त पगार आणि बँकेचं व्याज असेल तर आयटीआर-१ हा रिटर्नचा सोपा फॉर्म चालतो.

बहिणीवर रिटर्न भरायची सक्ती नाही, तिचं उत्पन्न चार लाखांच्या आत आहे. तरी तिला भरायला सांगा. पुढं कर्जासाठी किंवा व्हिसासाठी मागच्या दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतात, तेव्हा हे पहिलं कामी येतं. आणि तिच्या कंपनीच्या पेरोलनं चुकून पंधरा लाख वर्षाचं उत्पन्न धरून टॅक्स कापायला सुरुवात केली असेल, तर आधी रुजू झाल्याची तारीख दाखवून एचआरकडून तो आकडा दुरुस्त करून घ्यावा. मार्चपर्यंत दुरुस्त झाला नाही तर कापलेला पैसा परत मिळवायला रिटर्न भरावंच लागेल, आणि रिफंड ज्या बँक खात्यात हवा ते पोर्टलवर आधी पडताळून ठेवावं लागेल. कॅम्पसच्या वेळी उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं तिथं दिलेलं नाही ना, तेवढं बघा.